आपाच्या क्लासातला निळा कोट

आमच्या शिलाई क्लासमधल्या मैत्रिणी कुठल्या लग्नात भेटल्या की नवरीकडं कुणी बघत नाही. आधी पुढच्या बाईच्या ब्लाऊजची पाठ बघायची, मग एकीला काहीतरी आठवतं, आणि पंगत उठली तरी आमचं संपत नाही. प्रत्येक गोष्टीत आपा मात्र असतेच.

आपा म्हणजे परभणीतल्या आमच्या क्लासची मालकीण. नामांतराच्या दंग्यात घर जळालं, तेव्हा आम्ही गाव सोडून चुडाव्याला रेल्वेत बसलो आणि परभणीला आलो. माय मला घेऊन क्लासच्या दारात उभी राहिली आणि सगळी हकिगत सांगायला लागली. आपानं सगळं ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, "पायडलतक पाव पोचते क्या?"

पाय पोचत होते. दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर!

*

माझा भाऊ प्रकाशदादा मोर्च्यांत पुढं असायचा. तेव्हा वस्तीतल्या पोरांनी बेलबॉटम सोडले आणि दाढी, सैल कुर्ता, खांद्याला शबनम असा थाट सुरू केला. आपाला राखी कापडाचा एक तागा स्वस्तात मिळाला होता, त्यातूनच आम्ही सगळ्यांचे कुर्ते शिवले.

एक दिवस पोलीस शिपाई आला. राखी कुर्त्यातला दाढीवाला पोरगा कुठं आहे म्हणाला. माय पोरांना भाकरी वाढत होती. तिनं अख्ख्या ओळीकडं बोट दाखवलं. "ह्यातला कोणता पाह्यजे, न्या."

शिपायानं एकेकाचं तोंड नीट बघितलं, पाणी मागितलं आणि गेला.

*

क्लासमध्ये पंजाबी ड्रेस पहिल्यांदा घातला तो सुशीलानं, माझ्या शेजारच्या मशीनवालीनं. मग आम्ही सगळ्यांनीच शिवले. आपा स्वतः बुरख्यात, पण आमच्या कमीजना तिनं खिसे लावायला लावले. मोर्च्यात पिशवी नको, हात मोकळे पाहिजेत!

पुढच्याच मोर्च्यात एक पोलीस साहेब ओरडले, खिशातले हात बाहेर काढा. त्यांना वाटलं दगड असतील. आम्ही मुठी उघडल्या, तर फुटाणे.

सुशीलानं मूठ त्यांच्यापुढं केली. "घ्या ना साहेब, सकाळपासून तुमी बी उपाशीच दिसायलाव."

*

विद्यापीठाला ज्यांचं नाव द्या म्हणून आम्ही भांडत होतो, त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर होता. नाव मिळेल त्या दिवशी दादाला त्या फोटोतल्यासारखा निळा कोट घालायचा होता. आम्ही कोट कधी शिवलेला नव्हता, म्हणून आपानं आधी जुन्या चादरीत बेतून बघायला सांगितलं. सुशीलानं आणि मी फोटो समोर ठेवून अगदी तसाच बेतला.

दादानं घातला, तर कोट कमरेच्या वरच संपला. दिसायला लागला बँडवाला. आम्ही आपाला फोटो दाखवला. ह्यात एवढाच आहे!

आपा हसून हसून खालीच बसली. "अगे, फोटू खतम हुआ, साहब थोडेच खतम हुए!"

खरा कोट मग तिनंच बेतला.

*

दादाचं आणि सुशीलाचं जमलं. दादानं जाहीर केलं, लग्नात निळा कोटच घालणार, आणि तो नामांतराआधी घालणार नाही. सुशीलानं मशीनसुद्धा थांबवली नाही.

"कोट थांबंल. मी न्हाई थांबायची."

लग्न पांढऱ्या शर्टात लागलं. आमचं पत्र्याचं घर गळायचं, म्हणून कोट आपाच्या कपाटात राहिला. दर उन्हाळ्यात ती त्याला ऊन दाखवायची आणि कडुलिंबाचा पाला घालून परत ठेवायची. सरकारं बदलत गेली. मोर्च्यातले दोघं-तिघं वाट बघता बघता गेले. दादा बोलून दाखवायचा नाही, पण क्लासवरून जाताना कपाटाकडं बघायचा.

*

शेवटी चौऱ्याण्णवच्या जानेवारीत रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. आम्ही सगळे धावत आपाकडं. दादानं कोट अंगात चढवला, पण पोटावर बटण काही लागेना. इतकी वर्षं जपलेला कोट, आणि हा माणूस रडकुंडीला आलेला.

आपानं चष्मा लावला, कोट काढून घेतला आणि बाजूच्या शिवणी उसवल्या. आत दोन्हीकडं चार-चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं. उन्हात कोट विटला होता, पण ती पट्टी नव्यासारखी गर्द निळी.

दादा बघतच राहिला. "आपा, एवढं कापड आत कशाला ठेवलं होतं?"

आपा सुईत दोरा ओवत होती.

"सरकारी काम था, बेटा. तबतक तू दुबलाच रहता क्या?"