सूर्य उसळला त्या दिवशी गावातले तवे उतरले

बँकेत मी चार दिवसांची रजा मागितली आणि कारण सांगितलं, बहिणीला मदत. मॅनेजरांना वाटलं बाळंतपण. पेढे आणा म्हणत त्यांनी लगेच सही केली. माझ्या बहिणीचं, शोभाताईचं, लग्नच झालेलं नव्हतं आणि मदत हवी होती ती एक जडशीळ बॅटरी नागपूरहून रामाकोन्याजवळच्या एका खेड्यात पोचवायला. हे खरं सांगितलं असतं तर रजा मिळाली नसती, म्हणून मी आपली गप्प राहिले.

ही गोष्ट मार्च १९८९ ची. शोभाताई एका संशोधन संस्थेत होती. त्या खेड्याबाहेर एका शेतात तिची चुनाविटांची छोटी खोली होती, तिच्यात पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. सूर्यावरून कधीकधी तापलेल्या कणांचा लोंढा उसळतो आणि पृथ्वीवर येऊन आदळतो. त्याला सौरवादळ म्हणतात. आपल्याला काही जाणवत नाही, पण चुंबकाची सुई थरथरते, रेडिओ बिघडतात, विजेच्या तारांमध्ये नसते उद्योग सुरू होतात. त्या थरथरीची रेघ रात्रंदिवस कागदावर उतरवायची, हे ताईचं काम. आलेली सगळी स्थळं तिनं त्या रेघेपायी परत पाठवली, असं आई म्हणायची.

आणि आता तीच रेघ बंद व्हायची वेळ आली होती. संस्थेकडे पैसे कमी, त्यात लहान लांबची केंद्रं आधी कापायची असं ठरत होतं. ताईच्या केंद्रावर ठपका असा, की खेडेगावात लोक नियम पाळत नाहीत, यंत्राजवळ लोखंड नेतात, तिथली नोंद स्वच्छ येणं शक्य नाही. ते बघायला दिल्लीहून भार्गव नावाचे साहेब येणार होते. त्यांनी नापास केलं की संपलं. ताई वरून हसत होती, पण प्रवासात तिनं एकही संत्रं सोललं नाही, तेव्हाच मला समजलं की पोरीच्या तोंडचं पाणी पळालंय.

नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं काटोल, नरखेड करत पांढुर्ण्याला उतरलो. आता पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झालाय, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होतं. स्टेशनबाहेर पाट्या सगळ्या हिंदीत आणि भांडणं सगळी मराठीत, हे मला फार आवडलं. संत्र्यांचा मृगाचा बहार शेवटाला आलेला. बाजारात संत्र्यांचे ढीग, भाताच्या तणसाच्या पेंढ्या, खोके ठोकणाऱ्यांची ठकठक. तुम्ही जाणार असाल तर याच दिवसांत जा आणि ढिगातलं संत्रं निवडताना रंगावर जाऊ नका, हातात वजन बघा. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या गाडीनं तिथंच उतरणार होते, म्हणून ताई पांढुर्ण्याला थांबली. यंत्राची बॅटरी घेऊन मी एकटी पुढे निघाले.

सौसरच्या बसमध्ये कंडक्टरनं बॅटरीचंही तिकीट फाडलं. मी वाद घातला, तर म्हणाला, सीटवर बसली तर तिकीट पडते. मग मी ती खाली, पायांत घेतली, तरी तिकीट गेलंच. रस्ता मात्र सुरेख होता, एका बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या, दुसऱ्या बाजूला बागा. सौसरच्या स्टँडवर तिखटजाळ आलूबोंडे खाल्ले, डोळे पुसले आणि रामाकोन्याची बस धरली. तिथून पुढे बैलगाडी.

गाडी एका चिंचेजवळ थांबली आणि मी थक्क झाले. चिंचेला चिंचांपेक्षा लोखंड जास्त होतं! विळे, कुलपं, छत्र्या, खुरपी, सगळं सुतळीनं टांगलेलं. बुंध्याला दोन सायकली टेकलेल्या. त्या झाडापलीकडे पांढरे रंगवलेले दगड गोलाकार मांडलेले आणि मधोमध ताईची खोली. त्या दगडांच्या आत लोखंड न्यायचं नाही. बैलांच्या खुरांनाही नाल असतात, म्हणून बैल बाहेर. हा नियम शिकवला ताईनं, पण राबवला सुमनबाईंनी.

सुमनबाई गजभिये म्हणजे केंद्राच्या राखणदार. तिशीच्या, काटक, आवाज खणखणीत. त्यांचं घर दगडांबाहेर, यंत्राची तार जमिनीखालून त्यांच्या ओसरीवर आलेली आणि तिथं बुद्धाच्या तसबिरीखाली लेखणी सरसर रेघ ओढत असायची. गावात बाकी कशात कुणी त्यांना विचारत असेल नसेल, लोखंडाच्या बाबतीत मात्र शब्द त्यांचाच. शेजारच्या बागेचे मालक दौलतराव, चांगले मिशाळ गृहस्थ, तेसुद्धा त्यांच्या एका हाकेसरशी खिशातला अडकित्ता काढून झाडाला टांगायचे. मला हे बघून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात होता तेवढ्यात लेखणीनं टुणकन उडी मारली. आणि मग थांबेचना. वर, खाली, वर. सुमनबाईंचा चेहरा पडला. साहेब दुपारी येणार आणि आजच रेघ बिघडली. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, रातच्याले आत गेल्या होत्या तुमी. आंगावर लोखंड हाय का?"

मी अंबाड्यात हात घातला, तर मूठभर आकडे निघाले. मी चिंचेकडे पळाले, आकडे टांगले, धापा टाकत परत आले. लेखणी तशीच. मग साडीची पिन गेली. लेखणी तशीच. म्हणजे दोषी मी नव्हते, एवढाच काय तो दिलासा.

मग सुमनबाई दौलतरावांवर घसरल्या, की तुमचा बैल रात्री दगडांत शिरला असेल, नाल तिथंच पडला असेल. दौलतराव चिडले, पण चिडूनही स्वतः गवतात ओणवे होऊन नाल शोधू लागले. नाल नव्हता. मग त्यांनाच आठवलं, की त्यांनी नवा लोखंडी नांगर आणलाय. तो लांब नेला. तरी रेघ घसरतच होती. मग शेजारच्या घरातलं शिवणयंत्र निघालं. मग कुणाचा तरी पलंग. मग कढया, बादल्या, पहारी. एकमेकांकडे संशयानं बघत, पुटपुटत, पण कोणीही माझं देणार नाही असं म्हटलं नाही. जसजसं लोखंड लांब जाई तसतशी रेघ आणखी खाली बसे आणि सुमनबाई म्हणत, अजून हाय कुठंतरी. शेवटी चुलीवरचे तवे उतरले.

म्हणून दुपारी भाड्याची जीप घेऊन ताई आणि भार्गव साहेब आले, तेव्हा त्यांना रस्त्यात भेटलं ते पूर्ण गाव. डोक्यावर तवे, खांद्यावर पहारी, दोघांच्या मधे शिवणयंत्र. साहेबांनी ताईला विचारलं की हे लोक गाव सोडून चालले आहेत का. 

चिंचेजवळ सुमनबाईंनी साहेबांची छत्री मागितली. मग घड्याळ. मग कमरेचा पट्टा. साहेब एका हातानं पॅन्ट सावरत दगडांच्या आत फिरले, खोली पाहिली आणि ओसरीवर आले. तोवर ताईनं कागद हातात घेतला होता. सुमनबाई दाराशी उभ्या होत्या, डोळे भरलेले.

"ताई, कोणं आनलं ते मले सापडून नाही राहिलं. तुमचं काम मी बुडवलं."

ताई कागदावरून मान वर करून एकदम हसली आणि हसता हसता रडली. लहानपणापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "सुमनबाई, हे लोखंड नाही हो. हा सूर्य आहे." सकाळची ती उडी म्हणजे लोंढा आदळला तो क्षण आणि नंतरची घसरण म्हणजे वादळ. आयुष्यात एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. लोखंड एवढं लांब न्यायची तर काहीच गरज नव्हती, दगडांबाहेर होतं तेवढं पुरे होतं. कागद बघता बघता लेखणीनं पुन्हा एक उडी घेतली आणि या वेळी सगळे मिळून वाकून बघू लागले.

साहेब बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले, मग ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाले, भूक लागली आहे.

आता गावात तवा नाही, विळा नाही, कढई नाही. सुमनबाईंनी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजले. वांगी हातानं मोडून मातीच्या मडक्यात शिजवली, मिरच्या दगडावर ठेचल्या. पितळेच्या ताटांत तूप सोडून आम्ही सगळे एका पंगतीला बसलो, दौलतरावसुद्धा. त्या रोडग्यांची चव मी अजून शोधते आहे. नागपुरात बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण ते जमत नाही.

जेवताना साहेबांनी ताईला मोकळेपणानं सांगितलं, की केंद्र बंद करायचं जवळजवळ ठरवूनच आलो होतो. मग सुमनबाईंना विचारलं, तुम्हाला काही हवंय का? मला वाटलं त्या पगार मागतील, मागायलाच हवा होता. त्या म्हणाल्या,

"साहेब, पुढच्या बारीले सूर्याचं असंन तं पयले सांगून ठेवत जा. तवे तरी चुलीवर राहतीन."

साहेब खळखळून हसले आणि मग ताईला म्हणाले, आपण सगळे हेच तर करायला बसलो आहोत. आधी सांगता यावं म्हणूनच ही रेघ. हेच मी दिल्लीत जाऊन सांगेन.

परतताना आम्ही रामाकोन्याहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला आलो. ती गाडी आता नाही, ब्रॉडगेज झालंय. ती इतकी सावकाश चालायची की खिडकीतून बागेतल्या माणसाशी गप्पा मारता यायच्या. त्या गाडीत ताईनं ओळीनं संत्री सोलली आणि मला एकही फोड दिली नाही. घरी पोचल्यावर काही दिवसांनी पेपरात आलं, त्याच वादळानं कॅनडात एका प्रांताची वीज घालवली. आईनं ती बातमी दोनदा वाचून घेतली आणि त्यानंतर स्थळांचा विषय काढला नाही.

केंद्राला एक वर्ष मिळालं. मग दरवर्षी पत्र यायचं, हे शेवटचं वर्ष, आणि दरवर्षी ताई दिल्लीला जाऊन भांडून यायची. अशी बरीच शेवटची वर्षं निघाली. मग खरंच शेवटचं आलं. यंत्र काढलं, खोलीत आता दौलतरावांचा नातू तणस ठेवतो.

ताई सत्तरीच्या पुढे आहे, माझ्याकडेच असते. सूर्याकडे बघणारी यानं आता अवकाशात आहेत आणि वादळ निघालं की खबर आधी कळते. परवा अशीच खबर तिच्या फोनवर आली. तिनं चष्मा लावला, सुमनबाईंना फोन केला आणि मोठ्यानं सांगितलं, उद्या रात्री येतंय, मोठं आहे.

पलीकडून तोच खणखणीत आवाज, जरा थकलेला.

"बरं केलं ताई, पयले सांगतलं. पोया करून घेतो मंग सांजीच्या आत."

तवा उतरवायचं आता काही कारण नाही, हे ताईला सांगता आलं असतं. ती म्हणाली, हो, करून घ्या. फोन ठेवला आणि आत जाऊन तिनं आमच्याही पोळ्यांची कणीक भिजवली.