पोरीच्या अंगावरचं पुरळ

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला फसवलं. मी बकऱ्यांचा व्यापारी. ढाणकीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करतो, हुज्जतीत कोणाला ऐकत नाही. त्या माणसापुढं मात्र माझी जीभ उचलली नाही.

माझ्या सहा वर्षांच्या पोरीला टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत अंगभर लाल पुरळ उठलं, ताप चढला. माझ्या मायनं दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. "लेकरावर माता आली बाप्पा. गोया देऊ नोको आता." अंगावर असं पुरळ उठलं की देवी आली म्हणतात; मातेत औषध देत नाहीत, ही आमची रीत. गोळ्या थांबल्या.

मी पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तिची बाहीसुद्धा वर केली नाही.

"गोळ्या बंद कोणी केल्या?"

"मायनं. माता आली म्हणे."

तो रांगेकडं वळला. "ऐकलं? यांच्या घरी देवी येते, साबण येत नाही."

रांग हसली. त्यात माझी गिऱ्हाइकं होती.

"घामोळं आहे. गोळ्या चालू कर. नाहीतर तूच मारशील हिला."

मान खाली घालून घरी आलो. डहाळा ओढून फेकला. मायवर ओरडलो, "तुह्यानं माही इज्जत गेली चारचौघांत!" पोर तोंड फिरवत होती. तिचं नाक दाबून गोळी घातली. रोज घातली. कोणी अडाणी म्हणू नये म्हणून.

मग तिच्या ओठांची सालं निघाली. तोंडात फोड आले. पाणी गिळेना. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी सगळ्या गोळ्या थांबवल्या.

"हे औषधाचंच पुरळ आहे. त्यावर गोळ्या कोणी चालू ठेवल्या?"

"मी."

एवढंच बोललो. त्या डॉक्टरचं नाव तोंडातून निघालं नाही. तिथंही लाज आडवी आली.

पोर वाचली. आता एकेक औषध जपून पुन्हा सुरू आहे. मायच्या डोळ्याला डोळा देता येत नाही मला. ती चुकली होती, पण तिनं पोरीचं अंग उघडून पाहिलं होतं.

काल पोरीला घेऊन त्या डॉक्टरसमोर गेलो. तिची बाही वर सारली. कातडीवर अजून काळे चट्टे आहेत.

"साहेब, हे घामोळं हाय काय?"

"बाहेर थांब."

नाही थांबलो. उद्याही जाणार, परवाही, त्याला हेच विचारायला: हात न लावता गोळ्या चालू करायला काहून सांगितलं? माझ्या पोरीसमोर बोला.