उखाभाऊंच्या लॅपटॉपला कुणीच दिसेना

उखाभाऊ दर दिवाळीला श्रीमंत होतात. पैशाने नाही, चाव्यांनी. धनत्रयोदशी आली की आमची सुरतमधल्या डिंडोलीची बिल्डिंग रिकामी व्हायला लागते. कुणी शहाद्याला, कुणी नंदुरबारला, माझ्यासारखा कुणी अमळनेरला. निघताना जो तो तिसऱ्या मजल्यावर चढतो, उखाभाऊंचं दार वाजवतो आणि चावी हातात देतो. "भाऊ, अडीअडचणीला असू द्या." "भाऊ, तुळस जिन्यात ठेवलीय, पाणी घाला." "भाऊ, संध्याकाळी एक पणती आमच्याही उंबऱ्यावर." उखाभाऊ चावी दारामागच्या खिळ्याला अडकवतात. सगळे निघून गेले की तो खिळा देवळातल्या नवसाच्या घंटांसारखा लगडलेला दिसतो. उखाभाऊ कुठे जात नाहीत, हे लोक इतकं धरून चाललेत की का जात नाहीत, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी विचारलं. एकतर मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो, आणि दुसरं म्हणजे मला दम निघत नाही.

उखाभाऊ पन्नाशीचे. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात सुरतला आले, कापड विणायच्या लूमवर उभे राहिले. लूमच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे आजही ते शेजारी बसलेल्या माणसाशी पलीकडच्या शेतातल्याशी बोलावं तसं बोलतात. आता एका भरतकामाच्या कारखान्यात मशीन चालवतात. तिथे डिझाइन चोरीला जाईल म्हणून कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. मग दोन-दोन फोन कशाला पोसायचे, म्हणून भाऊंकडे एकच, बटणांचा. लग्न जमलं नाही. एक बहीण सुषमा, तिथेच गावाजवळ दिलेली. एक धाकटा भाऊ, दत्तू. त्याच्याशी बोलणं बंद.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा भाऊ मिळेल त्या गाडीत चढले. गाडी रस्त्यात अडकून पडली. गावात पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. भाऊ म्हणाले, "थांबता आलं नाही का रे तुम्हाला?" दत्तू म्हणाला, "गाडी तुझी लेट, आणि राग माझ्यावर?" एवढंच. एवढ्यावर कित्येक दिवाळ्या गेल्या.

यंदा सुषमाताईने बेत केला. भाऊबीजेला दत्तू तिच्याकडे जेवायला येणार होता. तिने भाऊंना फोन करून सांगितलं, "दादा, तू येत नाहीस तर नको येऊ. व्हिडिओवर ये. मी तिथून ओवाळते. दत्तू बाजूलाच असेल, त्याला मी हलू देत नाही."

"नुसत्या फोनवर का नाही बोलत?" मी भाऊंना म्हटलं.

"फोन दत्तूला दिला की तो गायीला पाणी पाजायला जातो," उखाभाऊ म्हणाले. "त्याच्या गायीला इतकी तहान लागते, भो, काय सांगू."

म्हणून लॅपटॉप. तो त्यांना कारखान्याच्या शेठने जुना म्हणून देऊन टाकला होता. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की भाऊ बटण दाबून भाजी चिरायला बसायचे. मी म्हटलं, ह्याच्यावरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकू, पळायला लागेल.

"किती लागतील?"

"फुकट आहे."

"फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार."

"खोट एवढीच, की काही अडलं तर आपलं आपण शोधायचं."

"मग ते मला जमेल," ते म्हणाले. "माझं सगळं तसंच चाललंय."

लिनक्स बसलं. पडदा झकास आला. लॅपटॉप खरंच पळायला लागला. फक्त वायफायचं चिन्हच कुठे नव्हतं. मी स्वतः ह्यात नवशिका, पण शेजाऱ्यासमोर तज्ज्ञ व्हायला फार काही लागत नाही. शोधून सांगितलं, की आतली वायफायची चिप चालवायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम हवा, आणि तो इंटरनेटवरून घ्यावा लागेल.

"म्हणजे नेट यायला नेट पाहिजे?"

"हो."

"हे आमच्या पहिल्या मुकादमासारखं झालं. म्हणायचा, लूमचा अनुभव आण, मग लूमवर उभा करतो."

आमच्या खोल्यांना वायफाय मिळतं ते दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाईंच्या घरून. त्यांचे मिस्टर प्रवीणभाऊ साड्यांच्या पार्सलचं काम करतात. महिन्याला आम्ही थोडा वाटा देतो. त्यांच्या राउटरला वायर लावली तर ड्रायव्हर उतरवता येणार होता. मी वायर आणली आणि आत जाऊन जोडली. उखाभाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले.

"अहो भाऊ, आत या की," मालतीबाई म्हणाल्या. घरात बॅगा भरणं चालू होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे ते शहाद्याला निघणार होते.

"नको, इथं बरा वारा येतो."

"जिन्यात वारा! इतकी वर्षं झाली, माणूस उंबरा ओलांडत नाही. आमच्या घरात काय विंचू आहेत का?"

भाऊ हसले आणि पायरीवरच राहिले. ड्रायव्हर उतरला. लॅपटॉप बंद करून चालू केला. आणि कोपऱ्यात ते चिन्ह आलं, त्यावर टिचकी मारल्यावर आख्खी यादी उघडली. भाऊंनी ती हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचली: "'मालती होम'. 'जय खानदेश'. 'भूपेंद्र टेलर'. 'पासवर्ड मागू नको'. हा कोण रे?"

"चौथ्या मजल्यावरचा मगन."

"वाटलंच."

'मालती होम' जोडलं. मालतीबाईंनी बॅगेची चेन ओढता ओढता जाहीर केलं, "मी ते चालूच ठेवून जाणार आहे. भाऊबीज आहे तुमची, काळजी करू नका." मी भाऊंना सुषमाताईच्या मुलाने पाठवलेली लिंक कशी उघडायची ते दाखवलं आणि रात्रीच्या गाडीने निघालो. मनात म्हटलं, झालं काम.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी अमळनेरला चकलीचा पहिला तुकडा मोडतोय तोच फोन. कानापासून वीतभर लांब धरला तरी घरातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"भो, ते गेलं!"

"काय गेलं?"

"वायफाय! यादी उघडते, आत काहीच नाही!"

"मालतीबाईंचा राउटर चालू आहे ना?"

"माझ्यासमोर म्हणाल्या की चालू ठेवते. बाई शब्दाची पक्की आहे."

तेही खरं. मग दोष लिनक्सचा, ड्रायव्हरचा, नाहीतर माझा. तिसरी शक्यता मी लगेच बाजूला ठेवली. दोन दिवस आमचं फोनवर ऑपरेशन चाललं. बंद करा, चालू करा. विमानाचं चित्र आहे तिथे हात लागला का बघा. लॅपटॉपच्या कडेला एखादं छोटं बटण आहे का चाचपा. शेवटी त्यांना ती काळी खिडकी उघडायला लावली, जिच्यात आपण इंग्रजीत हुकूम लिहितो आणि ती इंग्रजीत उलट बोलते.

"लिहा. आर, रताळ्याचा. एफ, फाफड्याचा. के, केळ्याचा. मग आय, एल, एल."

"किल? कुणाला मारायचंय?"

"कुणाला नाही, नावच तसं आहे. मोकळी जागा सोडा, पुढे लिस्ट लिहा. आता एंटर. काय म्हणतंय?"

भाऊ एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "सॉफ्ट ब्लॉक्ड... नो. हार्ड ब्लॉक्ड... नो. म्हणजे काय?"

"म्हणजे कुणी अडवलेलं नाही. आतून पण नाही, बाहेरून पण नाही."

"मग का लागत नाही?"

मी म्हटलं, ड्रायव्हर परत टाकून बघू, मालतीबाईंचं घर उघडून वायर लावा, चावी आहेच तुमच्याकडे.

"चावी सांभाळायला दिलीय," ते म्हणाले. "वापरायला नाही."

पाडव्याच्या संध्याकाळी त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाइतका खाली आला होता. "जाऊ दे. तू सण कर. उद्या सुषमीला सांगतो, नेट लागलं नाही."

"सांगा की. तुमचा काय दोष त्यात?"

"दत्तू काय म्हणेल, माहीत शे ना? तेव्हा गाडी लेट, आता नेट लेट."

आमच्या ओसरीवर मावसभाऊ त्याच्या मोबाईलमध्ये आमचं वायफाय शोधत होता आणि शेजारपाजारच्या दहा घरांची नावं बाजूला सारत होता. ते बघता बघता माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

"भाऊ, त्या यादीत 'पासवर्ड मागू नको' दिसतं का?"

"नाही."

"'जय खानदेश'?"

"सांगितलं ना, कोणीच नाही."

"गॅलरीत जा बरं. कुणाच्या घरात उजेड आहे?"

चपलांचा आवाज आला. मग मागच्या रेल्वेलाइनवरून एक गाडी गेली ती ऐकू आली. समोर अर्धवट बांधकाम आहे, तिथे कुणी राहत नाही.

"पणत्या आहेत," भाऊ म्हणाले.

"कुणी लावल्या?"

"मीच."

"आणि लाइट?"

"लाइट कसा असेल? गावाला जाताना सगळेच मेन स्विच बंद करून..."

चपलांचा आवाज परत आत गेला.

"म्हणजे बिघडलेलं नाही ते," ते म्हणाले.

"नाही, भाऊ."

"कोणी नाही म्हणत होतं, तर खरंच कोणी नव्हतं. आणि मी त्याला दोन दिवस शिव्या घातल्या."

मी मालतीबाईंना फोन लावला. त्या माझ्यावर नाही, मागे बसलेल्या नवऱ्यावर ओरडल्या. "अहो, मेन बंद केलात ना? केलात ना? मी राउटरचं बटण चालू ठेवून उपयोग काय मग!" प्रवीणभाऊंचा लांबून आवाज आला, की हात सवयीने गेला. मग मला म्हणाल्या, "त्या माणसाला सांग, सरळ दार उघड आणि आत जा. मी सांगितलंय म्हणावं. आणि स्टीलच्या डब्यात शेव आहे, ती खा म्हणावं. खाणार नाही, पण सांग."

पुढचं मला त्यांनी नंतर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. भाऊबीजेच्या सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप काखेत आणि चावी हातात घेऊन ते एक मजला खाली उतरले. चपला बाहेर काढल्या. बेल दाबली. मेन बंद, बेल कशी वाजणार? मग दार वाजवलं. मग स्वतःशीच हसले, आणि कुलूप उघडलं.

मेन वर केला. पंखा फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला, राउटरचे दिवे एकामागून एक लागले. आणि यादीत एकच नाव आलं: 'मालती होम'.

सिग्नल वर खोलीत येतोच. वर जाऊन बसायला काही हरकत नव्हती. मी तसं विचारलंही. "म्हटलं इथंच बघू लागतं का, तेवढ्यात लागलंच," एवढंच ते सांगतात. बसले ते मालतीबाईंच्या हॉलमध्ये. मागे मोत्यांचं तोरण, भिंतीवर कुटुंबाचा फोटो, शोकेसमध्ये बाहुल्या.

पडद्यावर सुषमाताई आली. आधी रडली, मग रडणं सोडून घराकडे बघायला लागली. "दादा! केवढं छान ठेवलंय रे घर!" भाऊ म्हणायला गेले, की हे घर... तोवर तिने ताट उचललं. भाऊंनी टोपी घातली आणि लॅपटॉपसमोर मान खाली केली. तिने बोटावर कुंकू घेतलं आणि भावाच्या कपाळाला लावायच्या भरात ते थेट फोनच्या कॅमेऱ्यावर टेकवलं.

इकडे सगळा पडदा लाल.

"अगं, काचेला लावलंस!" एक पुरुषी आवाज आला. फोन हलला. लालात एक अंगठा फिरायला लागला, पुसत, फासत, पुन्हा पुसत. मग लाल बाजूला झालं आणि पडदाभर दत्तूचं तोंड आलं. इतकं जवळ, की दाढीतले पांढरे केस मोजून घ्यावेत. तो काच साफ झाली का बघत होता, आणि झाली तेव्हा समोर भाऊ होता.

गायीला पाणी पाजायला जायची वाट सुषमाताईने अडवली असावी.

"जेवना का?" दत्तूने विचारलं.

"जेवनू," भाऊ म्हणाले. जेवले नव्हते.

"घर चांगलं शे तुन्हं."

"हाऊ."

"तुलसीविवाहानंतर येतो एकदा. बघतो," दत्तू म्हणाला आणि फोन बहिणीकडे दिला.

बोलणं संपल्यावर भाऊंनी पंखा बंद केला, बसलेल्या जागची चादर हाताने सपाट केली, मेन खाली ओढला, कुलूप लावलं. शेव खाल्ली नाही. वर येऊन सवयीने लॅपटॉप उघडला तर यादी परत रिकामी.

मी लाभपाचमेला, कारखाने उघडायच्या दिवशी, परत आलो तेव्हा खिळ्यावर मोजक्याच चाव्या उरल्या होत्या. मी बॅग टेकवायच्या आत भाऊ दारात. आवाज मूळ पदावर आला होता.

"भो, ते मोत्यांचं तोरण कुठे मिळतं? मालतीबाईंसारखं?"

"कशाला?"

"तो येतो म्हणाला ना. ते घर बघून."

"मग सांगून टाका ना, घर मालतीबाईंचं आहे म्हणून."

"सांगतो की," ते म्हणाले. "आला की सांगतो. आधी येऊ तर दे."

आम्ही लिंबायतच्या बाजारात जाऊन तोरण आणलं. खोलीचं दार अरुंद, तोरण रुंद, म्हणून दोन्ही टोकं आत दुमडून लावलं. भाऊंनी एक खुर्चीही घेतली. भाड्याच्या खोलीत त्यांच्याकडे आजवर खुर्ची नव्हती, कारण बसायला येणारं कुणी नव्हतं.

तुलसीविवाह झाला, संक्रांत झाली. सुषमाताई दर रविवारी पडद्यावर येते. कधी तिच्या मागून दत्तू जाताना दिसतो, मान हलवतो. येतो-येतो म्हणतो, पण गाय आहे. मी कारखान्यातून येणाऱ्या भाऊंना त्यांच्या दारात गाठून चिडवतो, "काय, पाहुणे आले का?"

"गाडी लेट शे," ते म्हणतात, आणि तोरणावरची धूळ फुंकतात.