जर्मनाचा वकील

आमच्या कोल्हापूरच्या शाळेत भूगोलाचे एक मास्तर होते. भूगोल कमी शिकवायचे, एका जर्मनाची वकिलीच जास्त करायचे. हा जर्मन मूळचा हवामानवाला. पृथ्वीवरचे खंड सरकतात असं त्यानं पहिल्या महायुद्धाच्या आधी सांगितलं, तेव्हा मोठमोठ्या भूगर्भवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं. मास्तरांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

मधल्या सुट्टीत आम्हा मास्तरांच्या खोलीत चहाबरोबर ते खारी मोडायचे. एक तुकडा आफ्रिका, दुसरा दक्षिण अमेरिका. "बसतंय का न्हाय खाचेत खाच? आधी एकच हुतं की!" असं म्हणून टेबल बडवायचे आणि चहा माझ्या पॅंटवर यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ते मला गारगोटीजवळच्या आपल्या शेतावर घेऊन गेले. बघतात तर चुलतभावानं बांध कोरून हातभर त्यांच्या रानात सरकवलेला. मास्तरांनी शिवार डोक्यावर घेतलं.

चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, मी काय केलंय? जमीन सरकतीया म्हणून तुम्हीच सांगताय की दर सुट्टीला."

"वर्साला नखाएवढी सरकती रं! हातभर न्हाय!"

"आपली काळी हाय. जरा जास्त सरकत असंल."

शाळा उघडल्यावर मी मुद्दाम खारी मोडली आणि दोन्ही तुकडे मास्तरांपुढं जुळवून ठेवले. त्यांनी आधी आफ्रिका चहात बुडवून खाल्ली, मग अमेरिका.

"त्या जर्मनाचं काय खरं न्हाय," मिशा पुसत ते म्हणाले. "जमीन जागची हलत न्हाय."