हजारो पिको

युट्रेख्टमधल्या निम्म्या मराठी बायका मंजूषाबाईंना ‘फॉल-पिकोवाल्या मावशी’ म्हणूनच ओळखत. पण कोरोना आला, डोहाळजेवणं बंद पडली, गणपतीही झूमवर बसले. झूमवर साडीचा काठ दिसतो कुणाला? शिलाई मशीन धूळ खात पडलं. त्यात लायडनला लेकीला, ईशानीला, नुकतीच मुलगी झाली होती आणि संसर्गाच्या धास्तीने ती आजीला नात काचेआडूनच दाखवायची. बाई मनातून पार खचल्या होत्या.

अशात मंडळातल्या शर्मिलाने बायकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘हवाई बेटांवरचे हजारो पिको, ऑनलाइन सहलीत घरबसल्या बघा!’

हजारो? बाईंचं पित्त खवळलं. एवढं काम उपसतं तरी कोण? संध्याकाळी मशीनशेजारी लॅपटॉप मांडून त्या बसल्या. पडद्यावर काळाकभिन्न कातळ, त्यावर कोरलेली माणसं आणि जिकडे बघावं तिकडे भोकं.

“भोकं पडतायत म्हणजे सुई बोथट आहे,” बाईंनी इंग्रजीत ठणकावलं. “आणि रेट काय तुमचा?”

गाईड बिचारी गुणी निघाली. आमच्या भाषेत पिको म्हणजे बेंबी, तिने समजावलं. पूर्वी बाळ जन्मलं की इथे कातळात भोक पाडून त्यात त्याची नाळ ठेवत, बाळाला उदंड आयुष्य लाभावं म्हणून.

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी बसल्या जागी ईशानीला फोन लावला.

“नाळ पडली का गं बाळाची?”

“येस आई, धिस मॉर्निंग. थ्रू इट इन द ग्रीन बिन.” लहानपणीच इकडे आलेल्या ईशानीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र असंच यायचं.

“काढ ती आधी! तिकडे माणसं कातळ फोडतात, आणि तू बटाट्याच्या सालांत टाकतेस? उद्या येते मी.”

दुसऱ्या दिवशी ईशानीने दारातल्या टपालाच्या फटीतून एक फ्रीझरची पिशवी बाहेर सरकवली. बाईंनी दारासमोरची फरशी उचकटली. खाली नुसती वाळू. या देशात कातळ आणायचा कुठून? त्या चमच्याने उकरू लागल्या. सायकलवरून चाललेले एक डच आजोबा थांबले.

“ट्युलिप लावताय? फार उशीर केलात.”

“येईल, येईल,” बाई म्हणाल्या.

ईशानीने खिडकी किलकिली केली. “सो नाउ शी बिलाँग्स हिअर?”

“तुझी साताऱ्यात पुरली होती, पेरूखाली. तू राहिलीस का तिथे?” बाई म्हणाल्या. “कुठलीही होऊ दे. भरपूर जगू दे. मला फक्त एकदा मांडीवर घ्यायचंय तिला.”

खिडकी मिटली. मग कडी वाजली, आणि कित्येक वर्षांनी ती आईशी सरळ मराठीत बोलली.

“आत ये, आई. पण आधी हात धू.”