मावशी आणि चौकातलं कुलूप

मावशी पाणी पीत नसे. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांनाच कळेल मी काय सांगते आहे ते. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, पंख्याचं वारं तोंडावर गरम गरम येतं, आणि ही बाई सकाळी दुकानाचं शटर उचलल्यापासून संध्याकाळी पाडेपर्यंत फक्त ओठ ओले करायची. समोरच्या साड्यांच्या दुकानात मी नवीनच कामाला लागले होते. न राहवून एकदा विचारलं, "मावशी, पाणी का नाही पीत हो?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही गुन्हा केला आहे. म्हणाली, "पेयाले काय झालं वं पोरी, घागरभर पेईन. पन मंग जाऊ कुठी? तुह्या शेटच्या गल्ल्याखाली?"

जुन्या कापडबाजारात सगळे तिला बांगडीवाली मावशी म्हणत. दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं एक कपाटच. मावशी आत मांडी घालून बसली की दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नसे. पण लग्नसराईत अकोटहून, खेड्यापाड्यांतून बायका एसटीनं यायच्या त्या आधी तिच्याकडे. साडी कुठून घ्यायची ते मागाहून ठरायचं. हिरवा चुडा भरायचा तो मावशीच्याच हातून. तिच्या हातात बाईचा हात आला की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही, आणि तोवर त्या बाईची सासू, नणंद, नवरा, सगळ्यांची चौकशी झालेली असायची.

आणि या एवढ्या मोठ्या बाजारात बायकांसाठी एक मुतारी नव्हती. अख्ख्या चौकात एक नाही! पुरुषांना काय हो, भिंत दिसली की झालं. आम्ही साड्यांच्या दुकानातल्या मुली दिवसभर उभ्या राहून घड्या मोडायच्या, घड्या घालायच्या आणि तहान गिळायची. खरेदीला आलेली म्हातारी अवघडून माझ्या कानात विचारायची, "बाई, कुठी जागा हाये का?" आणि मी 'नाही' म्हणून मान हलवायचे. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाजाराचे बाकी हाल काय सांगू? नाल्या तुंबलेल्या, दिवे फुटलेले, फुटपाथवर गाड्या, गाड्यांवर वाढदिवसाच्या फ्लेक्सची सावली. पण त्यावर निदान लोक बोलायचे तरी. बायकांच्या या गोष्टीवर बोलायलाही सगळ्यांना लाज वाटायची. मावशीला वाटायची नाही.

महापालिकेतल्या एका मोठ्या साहेबांची बायको एकदा मुलीच्या लग्नाचा चुडा भरायला आली. मावशीनं हसत हसत एक हात मनगटापासून गच्च भरला, आणि दुसरा हात हातात घेऊन तशीच बसून राहिली. एक हात भरून दुसरा रिकामा ठेवून कोणती बाई लग्नघरी जाईल? बाई म्हणाली, "भरा ना." मावशी म्हणाली, "भरतो ना बाई. पन आंधी साहेबाले फोन लावा. म्हणा, या चौकात बायाले जागा द्या. थे हो म्हनतीन, मंगच दुसरा हात." आम्ही दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. बाई आधी चिडली, मग रडकुंडीला आली, मग तिनं खरंच फोन लावला. गर्दीत उभं राहून तिनं नवऱ्याला जे सुनावलं ते ऐकून मावशीनं असा काही हात भरला की एक बांगडी पिचली नाही.

मुतारी झाली! गुलाबी रंगाची, वर मोठ्या अक्षरात 'महिला प्रसाधनगृह'. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. साहेब म्हणाले किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार म्हणाला नळच जोडलेला नाही, नळवाले म्हणाले आम्हाला कागद आला नाही. मावशी दुकान बंद करून एकेकाच्या खनपटीला बसली, आणि प्रत्येकानं तिच्या तोंडाला पानं पुसली. तोवर त्या साहेबांची बदलीही झाली. "फीत कापाले नळ लागत नाही वाट्टे," मावशी म्हणायची, "उघडाले लागते."

बंद दाराचा पुरुषांनी मात्र लगेच उपयोग केला. त्या गुलाबी भिंतीच्या आडोशाला रांगेनं उभे! बायकांसाठी बांधलेल्या मुतारीच्या भिंतीवर चौकातले सगळे पुरुष मुतून राहिले, आणि बायका नाकाला पदर लावून समोरून चाललेल्या. वास थेट मावशीच्या दुकानात. गिऱ्हाईक बांगडी भरता भरता उठून जायला लागलं. तेव्हा मावशीनं ते केलं जे आपल्याकडे कोणीही करतं. देवांच्या टाइल्स आणल्या आणि गवंडी लावून त्या भिंतीत बसवून घेतल्या. आम्ही बौद्ध, आमच्या घरी देवघर नाही. मी म्हटलं, "मावशी, देव एकदा भिंतीवर चढला की खाली उतरत नाही हं." ती म्हणाली, "नाई उतरला तं नाई उतरला. मुतणाऱ्याहून बरा."

आणि गुण आला की! भिंत कोरडी झाली, वास गेला, मावशी चार दिवस नुसती मिरवत होती. पुढे कोणीतरी त्या टाइल्सला हार घातला. मग एक दिवा आला. मग दुकानदारांनी वर पत्रा टाकला, समोर लोखंडी कठडा केला, शनिवारी आरती सुरू झाली. पुढं बसून मावशीही टाळ्या वाजवायची. तिला वाटायचं, चला, चौकाकडे लोकांचं लक्ष तरी गेलं.

नवीन साहेब आले, ते बरे निघाले. नळ जोडला, टाकी बसवली, मावशीला स्वतः येऊन सांगितलं की सोमवारी दार उघडतो. सोमवारी सकाळी बाजारातले सगळे मोठे दुकानदार दारापुढे उभे. काय म्हणे, देवाच्या भिंतीला लागून बायकांची मुतारी? विटाळ होईल! अहो, इतकी वर्षं त्याच भिंतीवर पँटची चेन उघडून उभे होते, तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही? माझा तिळपापड झाला. मी बोलायला गेले तर माझाच शेट मला म्हणाला, "तू आत जा, गिऱ्हाईक बघ." साहेबांनी हात झटकले. नवं कुलूप लागलं, आधीच्यापेक्षा मोठं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाजार ऐन गर्दीत असताना, मावशी हातोडी आणि छिन्नी घेऊन कठड्याच्या आत शिरली. डोक्यावर पदर, पायांत चपला नाहीत. देवांना नमस्कार केला आणि पहिल्या टाइलच्या कडेला छिन्नी लावली. लोक धावले. "मावशी, हे काय करून राहिली? पाप लागन!" ती वळून म्हणाली, "देव म्या इकत आनले, म्याच घरी नेतो. माह्या घरी पूजा करीन. तुमी तं त्याले चौकीदार बनवून ठेवलं." मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पण आम्ही दोघी, ते सगळे. तिच्या हातातली हातोडी हिसकावणाऱ्याच्या तिन्ही मुलींचा चुडा मावशीनं भरला होता. आठवड्याच्या आत तिथं संगमरवर लागला.

मग हळूहळू तिच्या दुकानात कोणी फिरकेना. देवाच्या अंगावर हातोडी घेऊन गेलेली बाई, तिच्या हातून चुडा कसा भरायचा, असं बायकाच कुजबुजायला लागल्या. ज्यांच्यासाठी हिनं जिवाचं रान केलं त्याच! तोवर पोटातल्या दुखण्यानं तिला धरलं होतं. लघवीला जळजळ, ताप, पाठीत कळा. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी न पिऊन, लघवी रोखून रोखून किडन्यांची वाट लागली. लेक येऊन तिला अमरावतीला घेऊन गेली. दुकान विकलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी अकोल्यातच जठारपेठेत ब्लाउज शिवायचं दुकान टाकल्यावर एकदा मुद्दाम अमरावतीला गेले. मावशी खाटेवर बसली होती, हातापायांवर सूज. मला बघून पहिला शब्द, "उघडलं?" मी म्हटलं, "नाही मावशी." ती म्हणाली, "मंग कायले आली?" आणि तोंड फिरवून बसली. लेकीला वाईट वाटलं, म्हणाली, मनावर घेऊ नका. मी कशाला मनावर घेऊ? तिचा राग खरा होता, आणि ज्यांच्यावर काढायचा ते कोणी तिच्या खाटेशी येणारे नव्हते. निघताना मात्र तिनं माझा हात धरला, मनगट दाबून बघितलं आणि म्हणाली, "वाळली वं तू." त्यानंतर ती मला भेटली नाही.

ती गेल्याचं मला बाजारात कळलं. अस्तर घ्यायला गेले होते. चौकात फ्लेक्स लागला होता, 'बाजाराच्या माउलीला भावपूर्ण श्रद्धांजली'. मधे मावशीचा फोटो, आणि चारी बाजूंनी तिच्याहून मोठे शोकाकुल दुकानदारांचे फोटो. आणि लावला होता कुठे? मुतारीच्या दारावर, कुलूप झाकून, तारांनी आवळून. तेच लोक हात जोडून उभे होते. मी म्हटलं, "एवढी माया असेल तर हे दार उघडा. तिच्या नावानं उघडा, आत्ता." मग हातोडी हिसकावणारा तो गृहस्थ अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, देवासमोर असे विषय नका काढू."

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये कात्री असतेच. मी ती काढली आणि सगळ्यांच्या देखत मावशीचा फोटो फ्लेक्समधून गोल कापून घेतला. कोणी पुढं आलं नाही. बाकीचा फ्लेक्स तसाच ठेवला. काढायचा कोणी त्रास घेतला नाही, या बाजारात कोण घेतं? अजून लटकतो आहे. कडेनं सगळे शोक करणारे चेहरे, आणि मधल्या भोकातून दिसणारं ते कुलूप.