ठिपकेकाकांचा चुकलेला ठिपका

जमीनमोजणीच्या कचेरीतून पाचला सुटलं, की ठिपकेकाका घरी न जाता शाळेच्या वाचनालयात हजर. शेवटच्या वर्षाची पंधराएक मुलं तिथे गणिताच्या वह्या उघडून बसलेली असत. बारा वर्षं हा फुकटचा उद्योग चालला होता, आणि तो नोकरीपेक्षा काटेकोर. "आपल्या घराची वाट मोजायला कधी येणार?" बायको विचारायची. काका हसून वेळ मारून नेत.

शिकवायची त्यांची तऱ्हाच न्यारी. चूक सांगायची नाही. चुकलेल्या ओळीसमोर पेन्सिलीने बारीकसा ठिपका द्यायचा आणि पुढच्या वहीकडे वळायचं. डोकं खाजवत चूक हुडकायची ती ज्याची त्याने. मुलांनी त्यावरूनच हे नाव चिकटवलं होतं, आणि काकांना ते मनापासून आवडायचं. माणसाला अभिमान कशाचाही वाटतो.

त्या मुलांतली शिंप्याची मुलगी गेल्या वर्षी गणितात दोन गुणांनी नापास झाली होती. यंदा पुन्हा नापास झाली तर शाळा बंद आणि शिलाई मशीन सुरू, असं बापाने बजावलं होतं. पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिने मनोऱ्याच्या उंचीचं गणित सोडवलं. मनोऱ्यापासून अमुक मीटर लांब, जमिनीवरच्या एका बिंदूतून त्याचं टोक अमुक अंशांवर दिसतं, तर मनोरा किती उंच? काकांनी शेवटच्या ओळीला ठिपका दिला. तिने गणित पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय चुकलं, काका?"

"बघणाऱ्याची उंची कोण मिळवणार? मी?"

मुलं फिदीफिदी हसली. तिने मान खाली घालून उत्तरात बघणाऱ्याचे म्हणून दीड मीटर मिळवले आणि सूत्रांच्या कागदावर ठळक लिहिलं, 'उंची नेहमी मिळवायची.'

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका टेकडीखाली मोजणीला उभे होते. तिपाईवर यंत्र बसवलं, तसं जोडीदाराने रोजच्यासारखं विचारलं, "यंत्राची उंची किती लिहू?"

काकांना एकदम कालचं गणित आठवलं. यंत्र तिपाईवर असतं, म्हणून त्याची उंची मिळवायची. मुलीचा बिंदू तर जमिनीवर होता! जन्मभराच्या सवयीने त्यांनी गणित नीट वाचलंच नव्हतं. बरोबर उत्तराला ठिपका दिला, आणि वर थट्टा केली ती वेगळीच.

"तू सांभाळ," एवढं जोडीदाराला सांगून त्यांनी स्कूटरला किक मारली. पेपर अकराला होता. प्रत्येक सिग्नलला ते स्वतःला शिव्या घालत होते. पोचले तेव्हा मुलं शाळेच्या फाटकातून आत चालली होती.

"अगं, थांब! बिंदू जमिनीवर असेल तर उंची मिळवायची नाही. तूच बरोबर होतीस. मी चुकलो!"

तिचा चेहरा पडला. "आत्ता सांगताय?" ती रडवेली होऊन म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली आणि ती आत गेली.

पुढचे तीन तास काकांच्या जिवाला चैन नव्हती. सांगितलं ते बरं केलं, की ऐन वेळी पोरीचं उरलंसुरलं डोकंही फिरवलं? समोरच्या बाकावर बसायचे, उठायचे, फाटकापर्यंत जाऊन यायचे. शेवटी पहारेकऱ्यानेच विचारलं, "साहेब, पेपर तुमचा आहे का?"

ती सगळ्यांच्या मागून सावकाश बाहेर आली.

"आलं होतं," ती म्हणाली. "मनोऱ्याऐवजी झाड होतं. बिंदू जमिनीवरच."

"मग?"

"नाही मिळवली. तुम्ही आला नसतात तर मिळवली असती."

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती मात्र तिथेच उभी राहिली.

"कालसुद्धा मला माहीत होतं, काका. दोनदा वाचलं होतं मी गणित."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"ठिपका तुमचा होता ना."

हे ती अगदी सहज म्हणाली आणि घरी जायला निघाली. काका फाटकापाशीच उभे राहिले. बारा वर्षांच्या वह्या त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक सरकायला लागल्या होत्या.